नदी धुणारे हात

१९७४ साली फ्रान्स्वाज द'ओबोन या फ्रेंच लेखिकेने 'पर्यावरणीय स्त्रीवाद' ही संज्ञा प्रथम योजिली. निसर्गाची लूट आणि स्त्रीचे दास्य यांचे मूळ एकच आहे, हे या विचाराचे निदान मोलाचे होय. युरोपातील वैज्ञानिक क्रांतीने सजीव मानलेली पृथ्वी निर्जीव यंत्र कशी ठरविली, हे कॅरोलिन मर्चंट यांनी 'द डेथ ऑफ नेचर' (१९८०) या ग्रंथात साधार दाखविले. तथापि याच प्रवाहातील काहींनी स्त्री म्हणजेच निसर्ग असे म्हणावयास आरंभ केला आणि तेथे विचार घसरला. चीनमध्ये ताओ परंपरेने पाणी, दरी, मार्दव यांना स्त्रीरूप मानून गौरविले. त्याच समाजात शतकानुशतके मुलींची पावले बांधली गेली. प्रतिमेच्या पूजेने व्यक्ती मुक्त होत नाही.

बेट्सी डेमन या अमेरिकन कलावतीचा प्रवास येथे बोलका आहे. १९७७ साली त्या रंगीत पिठाच्या पिशव्या अंगावर लेवून 'सात हजार वर्षांची स्त्री' म्हणून न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभ्या राहिल्या. पुढे १९९५ साली चीनमधील चेंगडू येथे त्यांनी चिनी कलावंतांसह नदीकाठी कलाउपक्रम घडविला. तेथे आदिमाता नव्हती. समोर फुनान ही प्रदूषित नदी होती. १९९८ साली त्याच शहरात पाणवनस्पतींच्या वाफ्यांतून नदीचे पाणी शुद्ध करणारे उद्यान उभे राहिले. नदीच्या मानाने ते पाणी अल्पच, पण शुद्धीची क्रिया लोकांना डोळ्यांनी पाहता येते.

त्या उपक्रमातील सर्वांत सकस कृती यिन शिउझेन यांची. नदीचे पाणी गोठवून त्यांनी बर्फाच्या लाद्या काठावर रचल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना त्या स्वच्छ पाण्याने धुवावयास सांगितले. धुता धुता बर्फ वितळले. घाण मात्र गेली नाही. ही व्यर्थताच कृतीचे बळ आहे.

परंतु एक उणीव राहते. हे धुणे स्वेच्छेचे व चार घटकांचे होते. रोज धुणारे हात कोणाचे? आपल्या वाचकाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. तो मिअर्ल लेडरमन युकेलिस यांनी विचारला होता. मातृत्वानंतर घरकामात बुडालेल्या या कलावतीने १९६९ साली देखभालीचे श्रम हीच कला, असा जाहीरनामा लिहिला. १९७९-८० मध्ये न्यूयॉर्कच्या सुमारे ८,५०० सफाई कामगारांपैकी प्रत्येकाशी हस्तांदोलन करून तिने आभार मानले. आभाराने वेतन वाढत नाही, हे खरे. पण त्या दलात तेव्हा सारे पुरुष होते. पहिल्या स्त्रिया १९८६ साली रुजू झाल्या. म्हणजे घरातील आई आणि रस्त्यावरचा कामगार यांना जोडणारा धागा तिला स्त्रीदेहात सापडला नाही, उपेक्षित श्रमात सापडला. यिन यांच्या बर्फाजवळ तो धागा दिसत नाही.