बोलीतला विनोद कागदावर का उतरत नाही?

मराठवाड्याच्या बोलीनं महाराष्ट्राला भरपूर हसवलं आहे, पण ते रंगमंचावरून आणि पडद्यावरून. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्यानं ५२ पात्रं उभी केली. त्यांच्या पश्चात तो प्रयोग संदीप पाठक यांनी पुढे चालवला. पाठक माजलगावचे, आणि माजलगाव बीड जिल्ह्यातल्या धारूरला लागूनच आहे. मकरंद अनासपुरे यांनी हाच हेल सिनेमात रुजवला. म्हणजे बालाघाटाच्या या पट्ट्यातली भाषा विनोदाला कमी पडते, असं कुणी म्हणू शकणार नाही. तरीही धारूर, केज, वडवणीकडच्या बोलण्यातला विनोद छापील गद्यात शोधू गेलं तर हाती फार थोडं लागतं. याचं कारण मला निवेदकात दिसतं. आपल्या विनोदी गद्यात पात्रं बोलीत बोलतात, पण गोष्ट सांगणारा प्रमाण भाषेत उभा असतो. त्यामुळे हसू पात्राच्या बोलण्यावर येतं, पात्राच्या नजरेतून जग पाहून येत नाही.

मराठी विनोदी गद्याच्या चांगल्या दिवसांत काय घडलं, ते पाहिलं की हे पटतं. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘सुदाम्याचे पोहे’मधले लेख लिहायला घेतले, तेव्हा सुधारणेचा युक्तिवाद करायला त्यांनी सुदाम्यालाच बोलतं केलं. चिं. वि. जोशींचा चिमणराव आपली फजिती आपणच सांगतो. पु. ल. देशपांडे यांच्या ‘असा मी असामी’तला कारकून आपलं आयुष्य आपल्याच शब्दांत मांडतो. गिरगाव, पुणे, बडोदा इथल्या मध्यमवर्गाला असा सांगणारा मिळाला, म्हणून त्याचा विनोद टिकला. ग्रामीण कथेत द. मा. मिरासदारांनी वेगळी वाट काढली. त्यांचा निवेदक गावातल्या प्रत्येकाला ओळखतो, पारावरच्या गप्पांचा वेग त्याला ठाऊक असतो, पण तो स्वतः प्रमाण मराठीत बोलतो. मासिकांचा वाचक शहरी असताना ही तोड फार कसबाची होती आणि मिरासदारांनी तिचं सोनं केलं. १९९८ साली परळी वैजनाथच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं, तेव्हा बीड जिल्ह्यानं या परंपरेचा मानच केला. त्यांच्यामागून आलेल्यांनी मात्र ती तोड कायमची वहिवाट करून टाकली. त्यांचं कसब बाजूला राहिलं आणि अंतर तेवढं उरलं.

हे अंतर आपल्या परंपरेत पूर्वीपासून होतं, असंही नाही. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडं रचली. त्यातलं भवानी आईला साकडं घालणाऱ्या सुनेचं भारूड घ्या. ती देवीला रोडगा कबूल करते आणि मागण्या सुरू करते. गावाला गेलेला सासरा तिकडेच संपावा, सासूचा जाच सुटावा, नणंदेच्या किरकिऱ्या पोराला खरूज व्हावी. मागणी दर कडव्याला चढत जाते, नवराही सुटत नाही आणि शेवटी तिला एकटीलाच राहायचं असतं. श्रोता हसत हसत वैराग्याच्या दारात येऊन उभा राहतो. एकनाथांनी त्या सुनेकडे बाहेरून बोट दाखवलेलं नाही. सगळं तिच्याच तोंडून येतं, तिच्या रागाला मधे कुणी आवरत नाही, म्हणून हसणं तिच्यावर उलटत नाही. विद्वान माणूस बाजूला होऊन बाईला बोलू देतो, आणि विनोद व तत्त्वज्ञान एकाच श्वासात येतात. मराठवाड्यातल्या लेखकानं आदर्श शोधायला दूर जायची गरज नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो दुःखाचा. दसरा-दिवाळीनंतर ज्या तालुक्यातून टोळ्याच्या टोळ्या ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, पाचटाची झोपडी हेच घर होतं आणि लेकरांची शाळा फडात हरवते, तिथं विनोद लिहिणं निष्ठुरपणाचं नाही का? आक्षेप प्रामाणिक आहे. पण चॅप्लिननं १९२५ च्या ‘द गोल्ड रश’मध्ये भुकेला माणूस स्वतःचा बूट उकडून खाताना दाखवला, आणि त्या चित्रपटामागे बर्फात अडकून उपासमारीनं मेलेल्या स्थलांतरितांची खरी हकिकत होती. प्रेक्षक भुकेला हसत नाही, बूट सणाच्या जेवणासारखा वाढणाऱ्या त्या माणसाच्या ऐटीला हसतो, आणि भूक विसरत नाही. इथलंच उदाहरण कल्पून पाहू. ‘मजुराची उचल’, म्हणजे हंगामाआधी अंगावर घेतलेली रक्कम, ‘फिटली नाही’ हे वाक्य अहवालात शोभतं. तोडणीचा माणूस सांगेल, ‘पाच म्हैने मोळ्या बांधल्या, पर उचल काय उठंना, उलट पाय पसरून बसली.’ इथं हसू कर्जावर येतं, आणि कर्ज किती मुजोर आहे तेही कळतं. निष्ठुरपणा असलाच तर तो या माणसाला कायम रडताना दाखवण्यात आहे, कारण तशानं त्या माणसाची बुद्धी नाकारली जाते.

दुसरा आक्षेप संपादक घेतात. बोलीतलं निवेदन पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळत नाही, डोळ्यांना अडतं. पण बहिणाबाईंची गाणी १९५२ साली पुस्तकरूपानं आली ती खानदेशच्या बोलीतच, आणि त्यांना प्रस्तावना लिहिली ती आचार्य अत्र्यांनी, म्हणजे त्या काळच्या सर्वांत मोठ्या विनोदकारानं. कुठल्याही भागातल्या मराठी वाचकाला ती परकी वाटली नाहीत. मार्क ट्वेननं ‘हकलबेरी फिन’ एका अर्धशिक्षित पोराच्या बोलीत सांगितली, तेव्हा १८८५ मध्ये कॉन्कर्डच्या ग्रंथालयानं ती असभ्य म्हणून बाहेर काढली. आज अमेरिकन गद्याची सुरुवात तिथून मोजणारे पुष्कळ आहेत. आपल्याकडे प्रसाद कुमठेकर यांनी ‘बगळा’मध्ये उदगीरकडची बोली शाळकरी पोराच्या तोंडी निवेदनासाठीच वापरली. वाचक पहिली काही पानं अडखळतो, मग त्या पोराच्या कानांनी ऐकू लागतो. एवढी मेहनत वाचकाकडून मागायचा हक्क लेखकाला आहे.

सध्या छापील विनोद मुख्यतः दोन जागी जगतो. एक सदरांत, जसं तंबी दुराई किंवा ब्रिटिश नंदी या टोपणनावांनी आलेलं लेखन. ते तल्लख आहे, पण त्याचा ओढा राजकारणाकडे आणि त्या आठवड्याच्या बातमीकडे. दुसरी जागा वात्रटिकेची. रामदास फुटाणे यांनी तिला सभागृहं मिळवून दिली, पाटोद्याचे सूर्यकांत डोळसे ती बीड जिल्ह्यातून सातत्यानं लिहीत आले. वात्रटिका चिमटा घेते आणि संपते. तिच्या चार ओळींत माणूस वाढायला जागा नसते. १९५१ पासून विनोदाला वाहिलेल्या ‘आवाज’सारख्या दिवाळी अंकांत ती जागा आहे. तिथं पानं आहेत, वाचक आहे, आणि हसायची तयारी ठेवूनच तो अंक उघडतो.

‘बोललेला विनोद कागदावर मरतो’ असंही म्हटलं जातं, पण ते अर्धंच खरं आहे. नटाचा आवाज, थांबणं, भुवई हे कागदावर येत नाही. त्या जागी लेखकाला वाक्याची लांबी, क्रियापदाची जागा, पुनरुक्ती यांतून थांबे तयार करावे लागतात. बोलीत ते थांबे आधीच असतात. मजकूर तपासताना ‘कामून’चं ‘कशासाठी’ आणि ‘म्हैने’चं ‘महिने’ झालं की तेच आधी जातात.

सर्वांत मोठी उणीव बाईच्या आवाजाची आहे. शकुंतला परांजपे, मंगला गोडबोले यांनी शहरी घरातल्या बाईला विनोदी गद्यात स्वतःचं बोलणं दिलं. धारूरच्या टोळीतली बाई फडावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, मुकादमाच्या हिशेबावर काय बोलून हसते, हे तिच्याच निवेदनात सांगणारं पुस्तक मराठीत यायला हवं. ते लिहिणारी मुलगी त्याच टोळीतल्या घरात वाढलेली असेल, आणि तिचा मजकूर हाती आला तर संपादकानं त्यातलं एकही क्रियापद बदलू नये.