‘दुर्मिळ पाहुण्यां’ची बातमी

कोकणच्या किनाऱ्यावर थंडी पडू लागली की दरवर्षी एक बातमी ठरलेली असते : ‘सायबेरियातील दुर्मिळ पाहुण्यांचे आगमन’. सोबतच्या छायाचित्रात बहुधा कुरव, म्हणजे सीगल, पक्ष्यांचा थवा असतो आणि कोणीतरी त्यांना शेव टाकीत असते. हीच कात्रणे शाळांच्या भित्तिपत्रकांवर चिकटवली जातात, म्हणून त्यांची जरा कठोर तपासणी करणे आम्हांला आवश्यक वाटते.

पहिला आक्षेप शब्दांवर. तपकिरी डोक्याचा कुरव आपल्याकडे दर हिवाळ्यात थव्यांनी येतो. तो दुर्मिळ नाही. त्याची वीण होते ती लडाख, तिबेट आणि मध्य आशियातील उंच पठारांवरील सरोवरांकाठी, सायबेरियात नव्हे. शिवाय हिवाळ्यात त्याचे डोके तपकिरी नसतेच! डोळ्यामागे एक गडद ठिपका तेवढा उरतो. नावावरून पक्षी शोधणारा विद्यार्थी येथेच फसतो. त्याच थव्यात काळ्या डोक्याचा कुरवही असू शकतो. तो ओळखायचा तर उडताना पंख पाहावे लागतात : त्याच्या पंखाची पुढची कड टोकाकडे पांढरी असते, तर तपकिरी डोक्याच्या प्रौढ कुरवाच्या काळ्या पंखटोकांत पांढरे ठिपके असतात. बातमीत यातले काहीच नसते.

क्रॅब प्लव्हरची गोष्ट वेगळी. वाळूत बीळ खोदून त्यात अंडे घालणारा हा पक्षी अरबस्तान व इराणच्या किनाऱ्यांवर वीण करतो, हिवाळ्यात कच्छच्या आखातात दिसतो. कोकणात तो दिसला तर ती खरोखरच मोलाची नोंद. पण तारीख, अंतर, उजेड, चोचीचा आकार, सोबतचे पक्षी यांचा उल्लेख नसेल तर नुसत्या नावावर विश्वास कसा ठेवायचा?

हा संशयीपणा वाटेल. पण इंग्लंडमधील हेस्टिंग्ज या किनारी गावाच्या परिसरातून १८९२ ते १९३० या काळात दुर्मिळ पक्ष्यांचे नमुने सतत येत राहिले; बरेचसे पेंढा भरणाऱ्या एकाच दुकानदाराच्या हातून गेलेले. संख्याशास्त्रज्ञ जॉन नेल्डर यांनी त्या नोंदी शेजारच्या भागांतील आणि नंतरच्या वर्षांतील नोंदींशी ताडून पाहिल्या. आकडे जुळेनात. १९६२ मध्ये ‘ब्रिटिश बर्ड्‌स’ मासिकात हे प्रसिद्ध झाले आणि अनेक जाती ब्रिटनच्या यादीतून वगळल्या गेल्या. (त्यांतील बहुतेक पुढे ब्रिटनमध्ये रीतसर नोंदल्या गेल्या, हा भाग वेगळा.) तुलनेला इतर नोंदी होत्या म्हणूनच हे उघड झाले.

आपल्याकडे कमतरता आहे ती नेमकी अशा साध्या नोंदींची. एकाच पुळणीवर, भरतीच्या एकाच टप्प्याला मोजणी हवी. ओहोटीला चिखलभर पांगलेले पक्षी भरतीला वरच्या वाळूत दाटीने उभे राहतात. उधाण की भांग, तेही लिहावे. ‘आज एकही नाही’ हेही लिहावे. आणि छायाचित्रासाठी विसावलेला थवा उठवू नये. परतीच्या प्रवासाची चरबी त्याला याच किनाऱ्यावर साठवायची असते.

गेल्या काही वर्षांत छोट्या वाळू-चिखल्याचे तिबेटी आणि सायबेरियन अशा दोन जातींत विभाजन झाले. जुन्या वहीत ‘चिखल्या, ४०’ एवढेच असेल तर ते कोणते, हे आता सांगता येणार नाही. पिसाऱ्याचे चार शब्द लिहिलेले असतील, तर निदान तपासता तरी येईल.