‘डॉक्टर हू’ कोठून पाहावे?

महाभारताशी आपली पहिली ओळख आदिपर्वाच्या पहिल्या अध्यायापासून झाली, असे छातीवर हात ठेवून सांगणारा मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे. आपल्याला प्रथम भेटतो तो बकासुरासाठी गाडाभर अन्न घेऊन निघालेला आणि ते स्वतःच फस्त करणारा भीम. जनमेजयाचे सर्पसत्र आणि त्या लांबलचक वंशावळी फार पुढे केव्हा तरी येतात. पुष्कळांच्या वाट्याला तर त्या येतच नाहीत. तरीही महाभारत आपल्याला कधी परके वाटले नाही.

हे आठवायचे कारण म्हणजे ‘डॉक्टर हू’ या इंग्रजी विज्ञानकथामालिकेबद्दल अलीकडे मला वारंवार विचारला जाणारा एक प्रश्न. एवढे अफाट प्रकरण, सुरुवात करावी तरी कोठून? जाणकार मंडळी या प्रश्नाने मोठी खूष होतात, आणि असे काही उत्तर देतात की विचारणारा पुन्हा त्या वाटेला जाऊ नये. अमुक पाहिल्यावाचून तमुक कळणार नाही, आणि तमुकाची खरी लज्जत हवी असेल तर १९७५ सालचे ते आधी पाहा! गाण्याच्या बैठकीत नवख्या श्रोत्याच्या कानाशी लागून घराण्यांचा इतिहास सांगणारे गृहस्थ आपल्या परिचयाचे आहेत. तीच ही जात.

मालिका अफाट आहे यात शंका नाही. बी. बी. सी.ने तिचा पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी दाखवला. आदल्याच दिवशी अमेरिकेत केनेडींचा खून झाला होता आणि लोकांचे चित्त ठिकाणावर नव्हते. म्हणून पुढच्या आठवड्यात दुसऱ्या भागाआधी पहिला पुन्हा दाखवावा लागला. तेव्हापासून १९८९ पर्यंत ती अखंड नव्हे, पण नेमाने चालली. मग बंद पडली. १९९६ साली एका चित्रपटापुरती डोकावून गेली आणि २००५ साली नव्याने उभी राहिली. आजवरच्या भागांची संख्या आठशेच्या वर गेली आहे. या साऱ्याचा नायक एक परग्रहवासी प्रवासी. त्याला सगळे नुसते ‘डॉक्टर’ म्हणतात. त्याचे वाहन म्हणजे लंडनच्या रस्त्यावर पूर्वी असत तशी पोलिसांची निळी पेटी. बाहेरून कपाटाएवढी, आत शिरावे तर राजवाडा. ती पेटी त्याला कोणत्याही काळात आणि कोणत्याही ग्रहावर नेते. मात्र नेमके हव्या त्या ठिकाणी नेईलच असे नाही.

‘मग पहिल्यापासूनच पाहू की!’ असे आपल्यातला शिस्तीचा माणूस म्हणेल. त्याला मी दोन अडचणी सांगतो. पहिली अशी की सारे भाग आज उपलब्धच नाहीत. त्या काळी चित्रफीत महाग होती आणि जुना कार्यक्रम पुन्हा कोणी पाहील असे कोणाच्या मनातही नव्हते. म्हणून फिती पुसून त्यांवर दुसरे कार्यक्रम घेतले गेले. पहिल्या सहा वर्षांतले नव्वदहून अधिक भाग असे नाहीसे झाले. नवल हे की त्या प्रत्येक भागाचा आवाज मात्र उरला आहे, कारण काही प्रेक्षकांनी घरच्या ध्वनिमुद्रणयंत्रावर तो टिपून ठेवला होता. आपल्या जुन्या संगीत नाटकांच्या तबकड्या उरल्या आणि प्रयोग हवेत विरून गेला, तसलीच ही गोष्ट. दुसरी अडचण चालीची. ते जुने भाग पंचवीस-पंचवीस मिनिटांचे, आठवड्याला एक या बेताने पाहण्यासाठी रचलेले. ओळीने सहा पाहायला बसाल तर चौथ्याला डुलकी लागेल, आणि दोष मात्र मालिकेला द्याल.

दुसरा नेहमीचा सल्ला असतो सर्वोत्तम गोष्टीपासून आरंभ करण्याचा. त्यासाठी हटकून नाव घेतले जाते ते २००७ सालच्या ‘ब्लिंक’चे. आपण पाहत असेपर्यंत दगड होऊन उभे राहणारे आणि पापणी लवताच पुढे सरकणारे पुतळे, ही कल्पनाच इतकी बिनतोड आहे की त्यानंतर कित्येक दिवस बागेतल्या निरुपद्रवी संगमरवरी परीकडेही माणूस संशयाने पाहू लागतो. गोष्ट उत्तम आहे, याबद्दल वाद नाही. परंतु तीत डॉक्टर स्वतः जेमतेम दिसतो. पाहुणा प्रथमच घरी यावा आणि यजमान परगावी गेलेला असावा, अशातला हा प्रकार. शिवाय नवख्या माणसाची कल्पना होते की ही मालिका म्हणजे सुट्या भयकथांचा संग्रह आहे. ती तशी नाही.

ती काय आहे, हे सांगायचे तर १९६६ सालाकडे जावे लागते. पहिले डॉक्टर विल्यम हार्टनेल यांची प्रकृती ढासळत चालली होती. नायकाचे काम करणारा नट गेला की मालिका संपते, हा सर्वमान्य नियम. त्या मंडळींनी तो मोडला. डॉक्टर मरणाच्या दारी पोचला की त्याचे शरीर पालटते, चेहरा नवा, स्वभावही नवा, स्मृती मात्र त्याच, असे त्यांनी ठरवून टाकले आणि पॅट्रिक ट्राउटन यांना उभे केले. अडचणीतून काढलेली ही पळवाट हाच पुढे मालिकेचा प्राण झाला. आपल्याकडे १९६२ साली अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’मध्ये प्रभाकर पणशीकर पाच भूमिकांतून वावरू लागले होते, म्हणजे नट एक, सोंगे अनेक. इथे सोंग एक आणि नट अनेक. परिणाम असा की इंग्लंडातल्या प्रत्येक पिढीचा एक आपला डॉक्टर असतो आणि बाकीचे सारे नंतरचे किंवा आधीचे असतात. ‘सौभद्रा’तला आमच्या वेळचा कृष्ण तुम्ही पाहिला नाहीत, असे म्हणणारे आजोबा आपल्याही घरात होतेच की!

तेव्हा माझे स्पष्ट मत असे आहे. नवख्याने उत्तम गोष्ट शोधू नये आणि पहिली गोष्टही शोधू नये. जिथे एका डॉक्टरची ओळख होईल, त्याचा लळा लागेल आणि तो डोळ्यांदेखत निघून जाईल, असा एक पुरा तुकडा त्याने निवडावा. ही ताटातूट ज्याने भोगली नाही त्याने शंभर भाग पाहिले तरी मालिका पाहिली असे मी म्हणणार नाही. आणि असा सर्वांत आटोपशीर तुकडा म्हणजे २००५ सालचे तेरा भाग. प्रत्येकी सुमारे पाऊण तास; सारे मिळून दहा तासांच्या आतच. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत रोज रात्री दोन-तीन पाहिले तर फराळाचे डबे रिकामे होण्याआधी संपतील.

पहिल्या भागाचे नाव ‘रोझ’, म्हणजे डॉक्टरचे नव्हे तर एका एकोणीस वर्षांच्या दुकानात काम करणाऱ्या मुलीचे. सकाळी घड्याळ वाजते, ती कामावर जाते, दिवस मावळतो. आणि तळघरात कपड्यांच्या जाहिरातीच्या बाहुल्या चालू लागतात. एक अनोळखी माणूस तिचा हात धरतो आणि पळायला सांगतो. यापलीकडे तिला काही ठाऊक नाही, आपल्यालाही नाही. लेखक रसेल टी. डेव्हिस यांची खरी चतुराई मात्र याहून खोल आहे. सव्वीस हंगामांचे ओझे त्यांनी एका फटक्यात उतरवले. मालिका बंद होती त्या काळात एक महायुद्ध झाले, त्यात डॉक्टरचे सारे ज्ञातिबांधव जळून गेले, आणि हा एकटा उरला. घराण्याची जुनी वही जळाली म्हणा ना! नव्या प्रेक्षकाला तिच्यातले काही वाचावे लागत नाही, आणि ती जळाल्याचे दुःख मात्र क्रिस्टोफर एक्लस्टन यांच्या चेहऱ्यावर प्रत्येक प्रसंगी दिसत राहते. हसता हसता तो माणूस मध्येच थांबतो, आणि काही सांगायचे आहे ते सांगत नाही.

आता यात उणे काहीच नाही असे मी म्हणणार नाही. त्या पहिल्याच भागात कचऱ्याचा डबा एका तरुणाला गिळतो आणि वर ढेकर देतो. चौथ्या-पाचव्या भागांत मंत्र्यांची सोंगे घेतलेले परग्रहवासी पोटातल्या वायूवर जे विनोद करतात, ते आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनातही कापले गेले असते. मुलांना ते फार आवडतात, हे कबूल केले पाहिजे. वडील माणसांनी तेवढ्यात चहा टाकून घ्यावा.

कारण पुढे जे येते त्यासाठी हे सोसणे भाग आहे. सहाव्या भागात डॉक्टरचे जुने शत्रू, म्हणजे ते डालेक, येतात; पण फौजेने नव्हे. एका धनाढ्य संग्राहकाच्या तळघरात साखळदंडाने बांधलेला एकच डालेक. त्याला पाहताच आपला हा प्रेमळ नायक द्वेषाने असा पेटतो की राक्षस कोणता, असा क्षणभर प्रश्न पडावा. आणि आठवा भाग, ‘फादर्स डे’! रोझचे वडील ती तान्ही असताना १९८७ साली मोटारीखाली सापडून गेले. रस्त्यावर ते एकटेच मेले, जवळ कोणी नव्हते. तिला वाटते, निदान आपण जवळ असावे. डॉक्टर तिला तिथे नेतो, आणि ऐन वेळी न राहवून ती त्यांना ओढून वाचवते. एक माणूस वाचतो आणि काळालाच जखम होते. जगाचा विध्वंस सुरू होतो. तो बाप काही मोठा माणूस नाही. धंद्यात पडलेला, बायकोशी भांडणारा, आणि मुलीने आईकडून ऐकलेल्या थोर वडिलांशी त्याचा काही मेळ नाही. पण हळूहळू त्याच्या ध्यानात येते की ही अनोळखी मुलगी आपली आहे, आणि आपल्या पुढच्या आयुष्याबद्दल विचारले की ती फारच गोड गोड सांगते आहे. त्या खोट्या गोडव्यातून तो सत्य ओळखतो आणि स्वतःहून त्या मोटारीसमोर धावत जातो. या वेळी जवळ मुलगी बसलेली असते. लेखक पॉल कॉर्नेल यांनी विज्ञानकथेच्या निमित्ताने जे साधले आहे ते चांगल्या चांगल्या कौटुंबिक नाटकांना साधत नाही.

तेराव्या भागात काय होते ते उघडच आहे. एक्लस्टन केवळ एवढ्याच भागांपुरते होते. ते जातात, डेव्हिड टेनंट येतात, आणि पाहणारा त्या नव्या चेहऱ्यावर थोडा रागावतो. हा राग आला की समजावे, दीक्षा मिळाली. आणखी एक लाभ सांगतो. ३१ मे २०२५ रोजी दाखवलेल्या भागाच्या अखेरीस नायकाच्या जागी जो चेहरा उमटला, तो २००५ पासून सुरुवात करणाऱ्याला पाहताक्षणी ओळखू येईल. तो कोणाचा, हे मी सांगत नाही.

घरात आठ-दहा वर्षांचे मूल असेल तर मात्र मी २०१० सालचा ‘द इलेव्हन्थ अवर’ सुचवीन. रात्री परसात निळी पेटी कोसळते, आणि तीतून निघालेला ओलाचिंब माणूस छोट्या मुलीकडे खायला मागतो. शेवटी माशाचे तळलेले तुकडे कस्टर्डमध्ये बुडवून खातो. पाच मिनिटांत येतो म्हणून जातो आणि बारा वर्षांनी उगवतो! मुलांना यापेक्षा चांगले आमंत्रण नाही. पुढे त्या पर्वाची कथानके फार गुंतागुंतीची होतात, ही माझी तक्रार आहे. पण मुलांना त्या गुंत्याचे भय वाटत नाही.

हे झाल्यावर १९६३ सालचा पहिला भाग अवश्य पाहावा, तेवढाच. पुढचे तीन भाग अग्नीवरून भांडणाऱ्या गुहावासीयांचे आहेत आणि ते वगळले तरी चालेल. निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट सत्तावीस वर्षांची; दिग्दर्शक वारिस हुसेन त्यांच्याहून लहान. हे लखनौला जन्मलेले, लेखिका अतिया हुसेन यांचे चिरंजीव. दोन शिक्षकांना आपल्या एका विद्यार्थिनीचे कोडे पडले आहे. शास्त्रात ती त्यांच्या पुढे, आणि एका पौंडात किती शिलिंग ते तिला सांगता येत नाही; इथे दशमान नाणी चालतात असा तिचा समज. मुले हसतात. इंग्लंडात दशमान नाणी आली १९७१ साली, म्हणजे मुलीचे चुकले ते फक्त साल. आपल्याकडे नवे पैसे १९५७ सालीच आले होते, हे तो प्रसंग घेताना हुसेन यांना आठवले असेल की नाही, कोण जाणे.