लिनक्सच्या मार्गदर्शिकांतील नवागत

लिनक्स कर्नलच्या संहितेबरोबरच नवागत प्रोग्रामरांसाठी काही मार्गदर्शिका ठेवलेल्या आहेत. त्या तांत्रिक सूचना म्हणूनच बहुधा वाचल्या जातात; वस्तुतः त्यांतील बराचसा भाग लेखनाच्या शिस्तीचा आहे आणि त्या दृष्टीनेच त्यांचे परीक्षण व्हावयास हवे.

दुरुस्ती, म्हणजे ‘पॅच’, सादर करण्याविषयीची मार्गदर्शिका यांत सर्वांत सरस होय. दुरुस्तीच्या वर्णनात प्रथम दोष सांगावा, तो दूर करण्याजोगा आहे हे परीक्षकास पटवून द्यावे आणि मगच उपाय मांडावा, असा तिचा दंडक आहे. उपायाचे वर्णन आज्ञार्थात हवे. जणू संहितेलाच बदलण्याची आज्ञा दिली जात आहे. हा नियम वरवर विक्षिप्त वाटतो, परंतु त्यामुळे ‘मी अमुक केले’ हा कर्ता वाक्यातून गळून पडतो आणि केवळ कृती उरते. (मराठीत हा नियम आणावयाचा तर ‘कर’ की ‘करा’ असा पेच पडला असता, इंग्रजीस तो ठाऊकच नाही.)

वर्णनातून गळालेला कर्ता अखेरच्या सहीत मात्र परत येतो. २००३ साली एससीओ कंपनीने आयबीएमवर दावा लावला आणि लिनक्समधील संहितेच्या मालकीविषयी वाद माजला. त्यानंतर, २००४ पासून, दुरुस्ती देण्याचा आपणास अधिकार आहे अशी ग्वाही देणारी सही आवश्यक ठरली. तेथे पूर्वी ‘खरे नाव’ मागितले जाई. २०२३ मध्ये त्याऐवजी ‘परिचित ओळख’ असा शब्दप्रयोग आला. निनावी लेखन आजही चालत नाही. एका शब्दाचा हा पालट उचितच होता.

परंतु दुरुस्ती कशी पाठवावी हे इतक्या बारकाईने सांगणाऱ्या या मार्गदर्शिका, दुरुस्त काय करावे या प्रश्नापाशी परस्परविरोधी बोलू लागतात. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांची प्रवेशिका, कोठून आरंभ करावा हे न कळणाऱ्यास साफसफाईच्या किरकोळ कामांकडे धाडते. जोनाथन कॉर्बेट यांची विकासप्रक्रियेवरील मार्गदर्शिका मात्र बजावते, की शुद्धलेखनाच्या व मांडणीच्या क्षुल्लक दुरुस्त्यांनी निव्वळ गोंगाट वाढतो आणि त्या उत्तरोत्तर कमी लेखल्या जातात. दोन्ही वाचणाऱ्या नवख्याने काय समजावे? पहिली वाट निंद्य असेल, तर ती दाखवणाऱ्यांनी तसे तेथेच लिहावयास हवे होते.

या पेचावरचा तोडगा कॉर्बेट यांच्याच लेखनात आहे. अँड्र्यू मॉर्टन यांचा सल्ला ते नमूद करतात: हाती लागेल त्या प्रत्येक यंत्रावर कर्नल सदैव निर्दोष चालते की नाही हे पाहणे, हेच नवागताचे पहिले काम. या सल्ल्याप्रमाणे वागणाऱ्यास दोष शोधत हिंडावे लागत नाही; स्वतःच्या यंत्रावर अडलेली गोष्टच त्याच्या वर्णनाचे पहिले वाक्य पुरवते. असा सल्ला दुसऱ्या प्रकरणाच्या अखेरीकडे पडून राहावा, ही या मार्गदर्शिकांच्या रचनेतील ठळक उणीव होय.