वास्तूचें दर्शन : ख्वांदमीर आणि गुलबदन बेगम

एकाच राजगृहाचें वर्णन पुरुषाच्या लेखणींतून एक व स्त्रीच्या लेखणींतून दुसरें उतरतें काय, हा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारला जात नाहीं; कारण दोन्ही पक्षांचे लेख एकत्र क्वचितच हातीं लागतात. हुमायूनाच्या दरबारापुरता तो योग जुळला आहे. ख्वांदमीराचा ‘कानूने हुमायूनी’ समकालीन असून त्याची आवृत्ति १९४० सालीं कलकत्त्यास निघाली. बाबराची कन्या गुलबदन बेगम हिनें अकबराच्या आज्ञेवरून लिहिलेल्या ‘हुमायूननाम्या’चें इंग्रजी भाषांतर ॲनेट बेव्हरिज यांनीं १९०२ सालीं मुळासह प्रसिद्ध केलें. कर्नल हॅमिल्टन यांच्या संग्रहांतून १८६८ त ब्रिटिश म्युझियमनें घेतलेली, कामरानाचे डोळे काढल्याच्या प्रसंगीं अर्धवट तुटणारी प्रत हाच त्या मुळाचा आधार.

हुमायूनानें राज्याची व्यवस्था दौलत, सआदत व मुराद या तीन पदांवर बांधली होती. ख्वांदमीराच्या ग्रंथांत हीं पदें म्हणजे माणसांचे तीन वर्ग होत : सरदार व सैनिक, विद्वान व साधु, गायक व रसिक. त्यांना आठवड्याचे वार वांटून दिले आहेत. वास्तूही त्यास तशीच दिसते. यमुनेंतील चार नावांवर उभारलेले दुमजली मंडप एकमेकांस जोडतांच मध्यें अष्टकोनी हौद कसा साधतो, बारा राशींप्रमाणें तंबूचे बारा भाग कसे पडतात, हें तो सांगतो. तेथें बसणारास कसें वाटत असे, हें त्याच्या विषयांत येत नाहीं.

गुलबदनेच्या ग्रंथांत तींच तीन पदें खोल्या होतात. दौलतीच्या खोलींत शस्त्रें; सआदतीच्या खोलींत नमाजाची जागा, पुस्तकें व सोनेरी कलमदानें; मुरादीच्या खोलींत पलंग, चंदनी पेटी, उशा, फळें व पेयें. अष्टकोनी हौदाच्या मध्यावरील चौथऱ्यावर गालिचे अंथरलेले. आणि मेजवानीस आलेल्या आत्या, बहिणी व बेगमा यांची लांबलचक यादी नांवानिशीं दिलेली.

यावरून स्त्रीस आकृति दिसत नाहीं, वस्तूच दिसतात, असा सिद्धांत कोणी काढील तर तो आम्हांस मान्य नाहीं. अष्टकोन तिनेंही टिपला आहे. उलट बाबर पुरुष असूनही उन्हाळ्यांत आग्र्याच्या हमामखान्यांत मिळणाऱ्या गारव्याचें वर्णन मोठ्या आवडीनें करितो. भेद निसर्गाचा नसून उभें राहण्याच्या जागेचा आहे. ख्वांदमीर सेवक, राजाची योजना गौरविणें हें त्याचें काम. गुलबदन घरची लेक. कोण कोठें बसलें यावर तिच्या जगांतील मानपान ठरे. शिवाय तिनें बालपणचें पाहिलेलें पन्नासएक वर्षांनीं लिहिलें, हेंही लक्षांत ठेविलें पाहिजे.

तरीही व्यवहारतः हा भेद मोठा आहे. तो नावांवरील प्रासाद आज उरला नाहीं. जें उरलें तें कागदावर. केवळ ख्वांदमीर वाचणारास त्या दरबाराचा आराखडा मिळेल, पण आंतलें घर मिळणार नाहीं. बेव्हरिजबाईंनीं ग्रंथांतील स्त्रियांची चरित्रसूची पुरवणीस जोडली, ती याच जाणिवेनें असें आम्ही समजतों. आपल्या दप्तरांतही वाड्यांचे हिशेब व नकाशे जपले जातात. बायकांचीं घरगुती पत्रें मात्र ‘किरकोळ’ म्हणून वेगळीं पडतात. संग्राहकांनीं तीं बाजूस सारण्यापूर्वीं गुलबदनेची ती तुटकी, एकाकी प्रत आठवावी, एवढीच आमची विनंति आहे.