दोन अक्षरांची आज्ञा आणि सरकलेली भोके

संगणकावर आरेखन शिकवणाऱ्या वर्गात बहुधा एक तक्ता टांगलेला असतो : 'एल' म्हणजे लाइन, 'सी' म्हणजे सर्कल, 'टीआर' म्हणजे ट्रिम. विद्यार्थी तो पाठ करतात. ऑटोकॅडमध्ये ही लघुरूपे 'अकॅड डॉट पीजीपी' नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत असतात आणि ती आपल्या सोयीने बदलता येतात, एवढे सांगितले तरी पाठांतराचा भार हलका होईल. पण माझा आक्षेप याच्या पुढच्या पायरीबद्दल आहे.

ती पायरी मॅक्रोची. लघुरूप फक्त टंकन वाचवते. मॅक्रो अनेक आज्ञा एका दमात पार पाडतो. त्यासाठी ऑटोकॅडमध्ये १९८६ पासून ऑटोलिस्प ही भाषा आहे. मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये योजलेल्या लिस्प भाषेच्या कुळातली ही.

समजा, काशीमीरा येथील औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या गाळ्यात पत्र्याच्या प्लेटा कापल्या जातात. तिथल्या ड्राफ्ट्समनने मॅक्रो लिहिला : दोन अक्षरे टंकली, लांबी-रुंदी दिली, की आयत आणि चार कोपऱ्यांजवळ चार भोके तयार. प्रत्येक भोकाचे केंद्र दोन्ही कडांपासून ६ मिलिमीटर आत. काम छान चालते. मग एके दिवशी भोके थेट कोपऱ्यांवर जाऊन बसतात. मॅक्रोत तर एक अक्षरही बदललेले नाही!

बदलले आहे ते पाहणाऱ्याचे अंतर. ऑब्जेक्ट स्नॅप ही सोय चालू असली, की दिलेला बिंदू जवळच्या टोकाला चिकटतो. 'जवळ' म्हणजे किती, हे मिलिमीटरमध्ये नव्हे, तर पडद्यावरच्या पिक्सेलमध्ये ठरते. ही मर्यादा १० पिक्सेल धरू. चित्र मोठे करून पाहताना १ पिक्सेल म्हणजे ०.१ मिलिमीटर असेल, तर ओढ १ मिलिमीटरपुरती. ६ मिलिमीटरवरचे केंद्र सुरक्षित. चित्र लहान करून १ पिक्सेल म्हणजे १ मिलिमीटर झाला, की ओढ १० मिलिमीटरपर्यंत पोचते आणि केंद्र कोपऱ्यात खेचले जाते. गंमत अशी, की मूळ मांडणीत हाताने टंकलेले आकडे या ओढीतून वगळलेले असतात. मॅक्रोने दिलेले तेच आकडे मात्र नाहीत. ही मांडणी मला पटत नाही. आकडा तो आकडा, कोणी का दिला असेना.

तरीही मुख्य दोष शिकवण्यात आहे. प्रयोगशाळेत आपण तापमान नोंदवल्याशिवाय मोजमाप घेत नाही; मॅक्रो लिहिताना मात्र भोवतालची स्थिती गृहीत धरतो. उपाय चार ओळींचा आहे : 'ओएसमोड' या चलाची किंमत आधी साठवावी, ती शून्य करावी, काम उरकावे, मूळ किंमत परत ठेवावी. यातही एक खाच आहे. मधेच कोणी एस्केप दाबले, तर शेवटची ओळ चालतच नाही आणि स्नॅप कुठे गेला म्हणून ड्राफ्ट्समन शोधत बसतो. म्हणून चूक झाल्यावर चालणाऱ्या भागातही ती परतफेड लिहावी लागते.

शिक्षकांनी वर्गात करून पाहण्याजोगी चाचणी : एकच मॅक्रो, स्नॅप चालू ठेवून, एकदा चित्र मोठे करून आणि एकदा लहान करून चालवावा. मग डोळ्यांवर विश्वास न ठेवता 'लिस्ट' आज्ञेने दोन्ही वेळच्या केंद्रांचे आकडे काढून फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत.