खराटा आणि प्रश्न

‘सेवा’ हा शब्द आपल्या वाट्याला फार जुन्या काळापासून आलेला आहे. वरच्या तीन वर्णांची निमूट सेवा हेच शूद्राचे एकमेव कर्म, असे मनुस्मृतीने सांगून ठेवले. आणि शूद्राच्याही खाली ज्यांना ढकलले त्यांच्याकडून गावाने ती वतनाच्या नावाखाली करवून घेतली. १९५८ च्या कायद्याने महारवतन गेले. शब्द मात्र गेला नाही. तो विद्यापीठात आला, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर त्याला श्रेयांकही मिळू लागले आहेत. तेव्हा कोणती सेवा कोणाला काय शिकवते, हे एकदा तपासलेच पाहिजे.

राष्ट्रीय सेवा योजना गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर, अशी तिची रचना. (२४ सप्टेंबर १८७३ रोजीच जोतीरावांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. योजनेच्या वर्धापनदिनी त्याचा उच्चार मी क्वचितच ऐकला आहे.) मी स्वतः या योजनेचा कार्यक्रम अधिकारी आहे; बाहेर उभे राहून दगड मारण्याचा माझा इरादा नाही.

माझ्या पहिल्या शिबिरात आम्ही गाव झाडले. प्रभातफेरी, मग खराटे, घमेली, टिकाव. गाव खूष झाले. ज्या मुलांनी घरी स्वतःचे ताट कधी उचलले नव्हते त्यांनी गटार उपसले, आणि त्यातून ती काही शिकली, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण त्याच रांगेत एक मुलगा होता. त्याची आई नगरपालिकेत झाडूकाम करते. दुसऱ्या दिवशी त्याने खराटा खाली ठेवला. म्हणाला, “सर, मला हे येतं. दुसरं काही असलं तर सांगा.” मी त्याला श्रमप्रतिष्ठेवर चार शब्द सुनावले! माझी आजी गावकीचे काम करून शिळे तुकडे आणीत असे. ती मला त्या क्षणी आठवली नाही, की आठवायची नव्हती, याचा उलगडा मला अजून झालेला नाही.

शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांतला ‘विद्यार्थी’ हा जात नसलेला प्राणी असतो. म्हणून श्रमदानाने अहंकार गळतो, असे तेथे सहज लिहिता येते. पण ज्याला पिढ्यान्‌पिढ्या ‘मी’ म्हणूच दिले नाही त्याने ‘मी नव्हे, तर तू’ या ब्रीदातून काय गाळायचे? एकाच कामाने एकाची जात थोडी सैल होते आणि दुसऱ्याची त्याच्या अंगावर पुन्हा घट्ट बसते.

अशा वेळी गाडगेबाबांचे नाव पुढे केले जाते. अवश्य करावे, पण पुरते करावे. बाबा दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तनात त्याच गावाला प्रश्न विचारीत: देवावर, कर्जावर, दारूवर, शिवाशिवीवर. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. आमच्या शिबिरांनी त्यांचा सकाळचा खराटा तेवढा उचलला. रात्री मुले एकांकिका करतात.

पुढच्या वर्षी त्याच गावी मी खराटे नेले नाहीत, वह्या नेल्या. दोघादोघांनी घरोघर जायचे आणि विचारायचे: पाणी कोठून आणता, केव्हा येते, जातीचा दाखला आहे का, मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्ज कोणी भरला, मयत कोठे नेता. खराटा ठेवणारा मुलगा या शिबिरात होता. वस्तीतल्या अकरा घरांचे अर्ज त्याने कंदिलासारख्या मिणमिणत्या दिव्याखाली बसून भरून दिले. एका मराठा कुटुंबातल्या मुलीने पाण्याचा तक्ता केला. टाकी एक, पाइपलाइन एक. गावठाणाला सकाळी पाऊण तास पाणी, आणि लाइनीच्या शेवटाला असलेल्या आमच्या वस्तीला उरेल ते. सहा दिवस घड्याळ लावून तिने वेळा टिपल्या. महाडचा १९२७ चा सत्याग्रह तिला ‘टिपा लिहा’ म्हणून पाठ होता. पाचव्या दिवशी तिने मला विचारले, “सर, व्हॉल्व्ह कोण फिरवतो, हे लिहायचं का?” मी म्हटले, लिही.

समारोपाच्या आदल्या संध्याकाळी गावातली वडीलधारी मंडळी आली. “सर, पोरं श्रमदानाला आणता म्हणून शाळा उघडून दिली. ही चौकशी कशाला लावली?” शब्द सौम्य होते. समारोपात मी तक्ता वाचला नाही; वस्तीतली माणसे मागे उभी होती, त्यांना आमच्यामागे त्याच गावात राहायचे होते, असे मी स्वतःला समजावले. ते खरेही होते. पण माझे भय त्याहून जुने होते.

वार्षिक अहवालाच्या आमच्या नमुन्यात लावलेली झाडे, साफ केलेली गटारे, रक्तदात्यांची संख्या, यांना रकाने आहेत. तक्ता मी परिशिष्ट म्हणून जोडला. कार्यालयातून तो ‘विषयाशी संबंधित नाही’ या शेऱ्यानिशी परत आला. यंदा त्या गावाने शिबिराला जागा नाही असे कळवले आहे. मुलगी मात्र स्टाफरूममध्ये येऊन विचारून गेली, उन्हाळ्यातल्या वेळा कधी टिपायच्या.